देवत्व गादीचं

इ.स.पू. ११५५च्या सुमारास इजिप्तचा राजा रामसेस तिसरा याचा गळा चिरून खून झाला. ममीच्या मानेभोवती कापडाच्या जाड पट्ट्या असल्यामुळे ही जखम तीन हजारांहून अधिक वर्षं कुणाच्या नजरेस पडली नव्हती. सीटी स्कॅनचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं, की वार थेट मणक्यापर्यंत पोचला होता आणि श्वासनलिका, अन्ननलिका दोन्ही कापल्या गेल्या होत्या. ममी तयार करणाऱ्यांनी त्या जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता. निदान परलोकात तरी राजाचा देह सांधला जावा, ही त्यामागची श्रद्धा.

हाच रामसेस मेदिनेत हाबू इथल्या आपल्या देवळाच्या भिंतींवर देवांच्या बरोबरीनं उभा आहे. मुठीत शत्रूंचे केस धरून, हात उगारून. मग ज्याला सारी प्रजा देव म्हणत होती त्याच्यावर त्याच्याच वाड्यातल्या माणसांनी शस्त्र कसं उचललं? त्यांची श्रद्धा उडाली होती का?

या खुनाच्या कटावरून चाललेल्या खटल्याचा पपायरस तुरिनच्या संग्रहालयात आहे. त्यातून दिसतं, की कट राणीवशात शिजला. तिये नावाच्या राणीला आपला मुलगा पेंतावेरे गादीवर बसवायचा होता. राजाच्या खाजगीतले सेवक आणि अंतःपुराचे अधिकारी तिला सामील झाले. याच प्रकरणाच्या इतर कागदांत आणखी एक तपशील येतो: कटवाल्यांनी पहारेकऱ्यांना भूल पाडण्यासाठी मेणाच्या आकृत्या बनवल्या होत्या, आणि त्यासाठीची मंत्रविद्येची पोथी राजाच्याच संग्रहातली होती. देवांवर, मंत्रांवर, राजपदाच्या पावित्र्यावर या लोकांचा पुरेपूर विश्वास होता. गादी पवित्र होती म्हणूनच तर ती मुलाला मिळवून द्यायची होती.

इजिप्तचं राजेपण समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. राजा जन्मतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, मरतो, हे नाईलच्या काठच्या शेतकऱ्यालाही दिसत होतं. देवत्व त्याच्या हाडामांसाचं नव्हतं. ते गादीचं होतं, आणि गादीवर बसणाऱ्यात विधींच्या द्वारे उतरत होतं.

या विचाराला आधार होता ओसायरिसच्या कथेचा. ओसायरिस हा पहिला न्यायी राजा. भाऊ सेथ त्याला मारतो. पत्नी आयसिस त्याचा देह पुन्हा जमवते. मुलगा होरस मोठा होऊन राज्य परत मिळवतो. प्रत्येक जिवंत राजा होरस मानला जाई आणि प्रत्येक मृत राजा ओसायरिस. राजाचा मृत्यू ही एरवी राज्याला हादरवून टाकणारी घटना, पण या कथेत तिची जागा आधीपासून ठरलेली होती. बाप ओसायरिस झाला की मुलगा होरस झालाच.

होरसचा ससाणा राजाच्या सोबतीला अगदी सुरुवातीपासून आहे. इ.स.पू. ३१००च्या आसपासची नार्मर राजाची दगडी पाटी हायराकोनपोलिस इथे सापडली. तिच्या एका बाजूला राजाच्या डोक्यावर वरच्या इजिप्तचा पांढरा मुकुट आहे, दुसऱ्या बाजूला खालच्या इजिप्तचा लाल मुकुट, आणि पांढऱ्या मुकुटाच्या बाजूला शत्रूला काबूत ठेवणारा ससाणाही आहे. पुढे गिझाचा दुसरा पिरॅमिड बांधणाऱ्या खाफ्रेच्या मूर्तीत हा ससाणा राजाच्या डोक्यामागे पंख पसरून बसतो. मूर्ती समोरून पाहिली तर तो दिसतच नाही, बाजूला गेल्यावरच दिसतो. शिल्पकारानं फार खोल विचार केला असावा: समोर दिसतो तो माणूस, आणि त्याला धरून ठेवणारी शक्ती त्याच्या पाठीशी.

त्याच चौथ्या राजवंशात 'रा'चा पुत्र, म्हणजे सूर्यदेवाचा मुलगा, ही पदवी राजे लावू लागले. या सगळ्या थोरवीच्या बदल्यात राजाकडून एकच मोठी अपेक्षा होती, ती म्हणजे 'मात' टिकवणं. मात म्हणजे सृष्टीचा आणि समाजाचा तोल: सत्य, न्याय, ऋतुचक्र, नाईलचा पूर, वेळेवर मिळणारं धान्य, सगळं त्यात आलं. डोक्यावर पीस खोवलेली मात देवीची छोटी मूर्ती राजा देवासमोर धरतो, असं चित्र देवळांत वारंवार दिसतं. गाभाऱ्यात रोज देवाला जागवणं, वस्त्र चढवणं, धूप-नैवेद्य दाखवणं हे काम प्रत्यक्षात पुजारी करत. भिंतीवर मात्र पूजा करताना राजाच कोरलेला असे. शेकडो देवळं आणि एकच यजमान.

ज्यांचा हक्क वादापलीकडचा होता, त्यांनाही हे देवत्व पुन्हा पुन्हा ताजं करावं लागे. राज्याला साधारण तीस वर्षं झाली की सेद उत्सव होई. त्यात राजाला खुणेच्या दगडांमध्ये धावून दाखवावं लागे. सक्कारा इथे जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडशेजारी असं अंगण आजही पाहायला मिळतं. थीब्जमध्ये दरवर्षी ओपेत उत्सवात अमून देवाची स्वारी कर्नाकहून लक्सरला निघे. राजाही लक्सरच्या गाभाऱ्यात जाई आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेलं राजपदाचं चैतन्य, त्यांच्या भाषेत 'का', अंगी घेऊन बाहेर येई. तिसऱ्या थटमोसच्या काळात अकरा दिवसांचा असलेला हा उत्सव पुढे तीन आठवड्यांच्याही वर गेला.

ज्यांचा हक्क वादाचा होता, त्यांना तर जन्मकथाच नव्यानं मांडावी लागली. हातशेपसुत ही दुसऱ्या थटमोसची विधवा. सावत्र मुलगा तिसरा थटमोस लहान होता म्हणून इ.स.पू. १४७९च्या सुमारास कारभार तिच्या हाती आला, आणि काही वर्षांतच तिनं स्वतः राजपदाच्या सर्व उपाध्या धारण केल्या. देर अल-बाहरीच्या देवळात तिनं जी चित्रमाला कोरवून घेतली ती या विचारसरणीचा सर्वांत देखणा पुरावा म्हणावा लागेल. अमून देव तिच्या वडिलांचं रूप घेऊन तिची आई अहमोस हिच्याकडे येतो. मेंढ्याच्या मुखाचा ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर दोन बालकं घडवतो, एक हातशेपसुत आणि दुसरा तिचा 'का'. मग जन्म, देवांकडून स्वीकार, राज्याभिषेक. मूर्तींत ती राजाची खोटी दाढीही लावते, कारण गादीवर बसणाऱ्याचं रूप ठरलेलं होतं. तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी तिची नावं आणि चित्रं छिन्नीनं खरवडली गेली. तिच्या जन्मकथेचा साचा मात्र टिकला: तिसऱ्या अमेनहोतेपनं तोच लक्सरच्या देवळात स्वतःसाठी वापरला.

दुसऱ्या रामसेसनं याच्याही पुढची मजल मारली. अबू सिम्बेलच्या गाभाऱ्यात प्ताह, अमून-रा आणि रा-होराख्ती यांच्या पंक्तीला तो स्वतः बसला आहे. तिथल्याच एका चित्रात राजा रामसेस देव रामसेसला नैवेद्य दाखवतो. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण माणूस आणि पद यांतला फरक ज्यांच्या मनात स्पष्ट होता त्यांना ते सरळच होतं.

हा फरक प्रजेलाही कळत होता. कटात बळी पडलेला पहिला अमेनेमहात मृत्यूनंतर मुलाला उपदेश करतो, अशी एक रचना आहे. रात्रीच्या जेवणानंतर, विसावलेल्या क्षणी आपल्यावर हल्ला कसा झाला हे तो त्यात सांगतो. शाळेतली मुलं ही रचना शतकानुशतकं उतरवून काढत होती. देवाचा असहायपणा हा त्यांच्या अक्षर गिरवण्याचा पाठ होता. दुसऱ्या एका कथेत नेफरकारे राजा रात्री एकटाच सेनापती सासेनेतच्या घरी जातो, वीट फेकून खूण करतो आणि वरून शिडी सोडली जाते.

देर अल-मदिनाचे कारागीर तर राजांच्या थडग्यांत हे देवत्व स्वतःच्या हातांनी रंगवत होते. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या २९व्या वर्षी त्यांचा धान्याचा शिधा थकला. कामगार वस्तीबाहेर पडले आणि तिसऱ्या थटमोसच्या देवळामागे जाऊन बसले. इतिहासात नोंदला गेलेला हा पहिला संप. आमची उपासमार राजाच्या कानावर घाला, ही त्यांची मागणी होती. देवाला जाब विचारण्याचं धाडस म्हणून याकडे पाहण्यापेक्षा ती मातची आठवण होती, असं मानणं अधिक योग्य: कष्टकऱ्याला वेळेवर अन्न मिळणं हाही सृष्टीच्या तोलाचाच भाग.

माणूस आणि पद यांची ही फारकत शेवटी इतकी पूर्ण झाली, की माणसाची गरजच उरली नाही. देंदेरा इथलं हाथोर देवीचं देऊळ टॉलेमी राजांच्या उत्तरकाळात उभं राहिलं. तिथे पूजा करणाऱ्या राजाची आकृती आहे, पण अनेक ठिकाणी नावाची चौकट कोरीच सोडलेली आहे. अलेक्झांड्रियातल्या सत्तास्पर्धेत राजा कोण हे ठरलेलं नसलं तरी देवीची पूजा थांबवता येत नव्हती. इ.स.पू. ३०मध्ये इजिप्त रोमकडे गेलं आणि पुजाऱ्यांनी त्याच देवळावर रोमन सम्राट कोरायला सुरुवात केली. त्यांत नीरोही आहे, फॅरोच्या वेषात, हाथोरसमोर. त्यानं इ.स. ६४मध्ये अलेक्झांड्रियाला जायचा बेत आखला होता आणि ऐनवेळी रद्द केला. इजिप्तमध्ये त्याचं पाऊल कधी पडलंच नाही.