नाव विकलं की काय काय जातं?

माझ्या दुकानातल्या कुठल्या बाटलीनं सगळ्यात मोठी कोर्टकचेरी पाहिली, असं कुणी विचारलं तर मी आंब्याच्या ‘माझा’कडे बोट दाखवीन. लातूर जिल्ह्यातल्या देवणीत माझं किराणा आणि कोल्ड्रिंकचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या पंगतींसाठी या बाटल्यांचे क्रेटच्या क्रेट जातात. नवरदेवाकडची मंडळी कंपनी विचारत नाहीत, नाव सांगतात. माझ्या मते या धंद्यात खरी किंमत त्या नावालाच आहे, आणि त्या नावावरूनच मोठमोठ्या कंपन्या कोर्टात भांडत आल्या आहेत.

१९७७ साली कोका-कोलानं भारत सोडला. फेरा कायद्यानुसार परकी भागीदारी ४० टक्क्यांवर आणायची होती, ती कंपनीला मान्य नव्हती. रिकाम्या झालेल्या बाजारात मुंबईच्या चौहान कुटुंबाच्या पार्लेनं थम्स अप उतरवलं आणि ते गावोगाव पोचलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, तेव्हा रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही नावं तिला विकली. सौदा मुख्यतः नावाचा, कृतीचा आणि बाजारातल्या पतीचा होता. नाव विकत घेणाऱ्यानं ते चालवावं किंवा मिटवावं, तो त्याचा हक्क. म्हणून गोल्ड स्पॉट फळीवरून गेलं. थम्स अप मात्र गिऱ्हाइकानं सोडलं नाही, आणि २०२१ मध्ये त्याची विक्री १ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं कंपनीनंच जाहीर केलं.

‘माझा’च्या सौद्यात एक मेख होती. ते नाव भारतापुरतं विकलं होतं, भारताबाहेरचा हक्क त्यात नव्हता. मार्च २००८ मध्ये कोका-कोलानं तुर्कस्तानात हे नाव नोंदवायला अर्ज केला. ते कळल्यावर विकणाऱ्या बाजूनं, म्हणजे बिसलेरी इंटरनॅशनलनं, सप्टेंबरमध्ये नोटीस धाडली: करार मोडला, आता भारतातही हे नाव आम्हीच वापरू. कोका-कोला दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

बिसलेरीचं म्हणणं होतं की आम्ही इथं माल विकतच नाही, मग इथल्या हक्काचा भंग कसा झाला? न्यायालयानं ऑक्टोबर २००९ मध्ये अंतरिम मनाई कायम केली. नावाचा गैरवापर होण्याची खरीखुरी भीती असेल, तर तो प्रत्यक्ष होईपर्यंत थांबायची गरज नाही. शिवाय माल भारतात बनवून परदेशी धाडला, तरी नाव भारतातच वापरलं गेलं, मग बाटली इथल्या दुकानात दिसो वा न दिसो. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बाटलीवर नाव चिकटवलं जातं ती जागा कायदा पाहतो, हे आमच्यासारख्या विक्रेत्यांना सहसा ठाऊकच नसतं.

दुसरा खटला मुंबई उच्च न्यायालयातून निघालेला. कोका-कोलाचा माल बाटल्यांत भरण्याचा परवाना गुजरात बॉटलिंग या कंपनीकडे होता, तिचे कारखाने अहमदाबाद आणि राजकोटला. १९९५ च्या जानेवारीत तिचे शेअर पेप्सीच्या बाजूकडे गेले आणि तिला पेप्सीचा माल भरायचा होता. करारात मात्र अट होती की करार चालू असेतो दुसऱ्याचं पेय बनवायचं नाही. ही तर धंद्याला बंदी झाली, असा तिचा दावा. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो फेटाळला: करार चालू असतानाची अशी अट बेकायदा नाही. दुकानदाराला हे लगेच पटेल. कंपनीनं दिलेल्या फ्रीजमध्ये दुसऱ्या कंपनीची बाटली ठेवायची नाही, ही अट मान्य करूनच आपण फ्रीज घेतो.

बनावट मालाचं भांडण मात्र थेट आमच्या दारात येतं. उन्हाळ्यात एकदा एक गाडीवाला स्वस्तातले क्रेट घेऊन आला. पिवळं लेबल, तोच आंबा, तेच पान, नावातलं एक अक्षर बदललेलं. बॅच नंबर पुसट आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नाही. मी माल उतरवू दिला नाही. ‘‘काका, बघा की, स्पेलिंग वेगळं आहे,’’ तो म्हणत होता. स्पेलिंग वेगळं असलं म्हणून सुटका होत नाही, हे पार्ले नावाच्याच बिस्किट कंपनीच्या खटल्यातून ठरलं आहे. पार्लेच्या पुड्यावर शेताचं आवार, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या पुड्यावरही मुलगी, गाई, कोंबड्या, फक्त मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये सांगितलं की दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत. पुडा एकदा पाहून गेलेलं साधं गिऱ्हाईक पुन्हा आल्यावर फसेल का, एवढंच पाहायचं. तो निकाल पार्लेच्या बाजूनं लागला.

ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार खोट्या नावाचा माल विकणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड. आपण फसलो, खबरदारी घेतली होती आणि माल कुणाकडून घेतला, हे सगळं दुकानदारानंच सिद्ध करायचं असतं. म्हणून बिल घेतल्याशिवाय माल उतरवू नका, असं मी बाजारातल्या प्रत्येकाला सांगतो. पक्कं बिल नाही म्हणणारा माणूस पुढच्या खेपेला सापडत नाही.

आमच्या लातूर जिल्ह्यालाही आता नावाची दौलत मिळाली आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव ट्रेडमार्कसारखं नाही. ‘माझा’ची मालकी सौद्यानं एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण पानचिंचोलीची चिंच हे नाव कुणालाच विकता येत नाही. गहाण टाकता येत नाही, परवान्यावरही देता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट कलम आहे. उद्या कुठल्याही कंपनीनं कितीही पैसे मोजले तरी तिथल्या शेतकऱ्यांचा हक्क तिला घेता येणार नाही. थम्स अपसारखं देशभर गाजलेलं नाव एका सहीत गेलं, हे पाहिलेल्या माझ्यासारख्याला या कलमाचं अप्रूप वाटतं.

पण मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला नाव आपोआप वापरता येतं असं नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून ज्यानं त्यानं आपली स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. बोरसुरीची तूर माझ्याकडे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, नोंद केलीत का? केली नसेल तर तालुका कृषी कार्यालयात जाऊन अर्ज कुठं आणि कसा करायचा ते विचारून या म्हणतो. वजनकाटा त्यानंतर.