४७३ काढा, १०४ लावा

गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलचा नाद लागलेल्या माणसांचं निम्मं आयुष्य नंबरांवरून भांडण्यात जातं. जुनी जपानी ४५५८ चिप असेल तरच ट्यूब स्क्रीमर खरा, एसी १२८ ट्रान्झिस्टर असेल तरच फझ खरा. ही भांडणं मी वर्षानुवर्षं चवीने ऐकत आलो आहे आणि माझं मत ठाम झालं आहे: भांडण चुकीच्या पार्टवर चाललंय.

इतिहास बहुतेकांना पाठ आहे. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं नॅशव्हिलला ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग टेबलातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास फाटक्या आवाजात घुरघुरला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड फेकून न देता त्याची पेटी बनवली. १९६२मध्ये गिब्सनने ती ‘मेस्ट्रो’ नावाने विकायला काढली. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वाजली आणि मग दुकानांत रांगा लागल्या. जाणूनबुजून बिघडवलेल्या आवाजाची गोष्ट जगभर इथूनच सुरू करतात. मिरजेच्या माणसाने मात्र हे ऐकून हसायला हवं.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी बनतात. फरीदसाहेबांपासून चालत आलेल्या सतारमेकर घराण्याचं हे गाव. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वर्तमानपत्रांनी त्या वेळी भोपळ्यांवर आणि नक्षीवर भरभरून लिहिलं. खरी करामत मात्र घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर असते. तिची पाठ कानसेने इतकी बारीक उताराची करायची की तार सुटताना तिला घासत, टेकत, उचलत सुटावी. मग तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सारायचा आणि केसभर इकडेतिकडे करत राहायचं. एका जागी तार मुकी वाटते, जराशा अंतरावर ती अचानक उघडते. हीच जवारी.

जवारीवरचा माझा सर्वांत आवडता कागद चंद्रशेखर वेंकट रामन यांचा आहे. रामन परिणामाच्या बरीच वर्षं आधी, १९२१मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्ससाठी त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. भांडण होतं थेट यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाशी. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर उमटता कामा नये, असं तो नियम सांगतो. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब व्हायला हवा. रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासली, तर नियमाने बाद ठरवलेले उपस्वर तिथे चांगले खणखणीत वाजत होते. कारण घोडीत होतं. टेकणारी आणि उचलणारी तार आपली शक्ती एका उपस्वरातून दुसऱ्यात ढकलत राहते. खर्जाच्या तारेतून गवयांना ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणजे पाचवा उपस्वर. तो ठळक होतो तो या घासण्यामुळे.

पेडलमधला डायोड याहून वेगळं काय करतो? सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत गप्प असतो. त्यापुढे लाट गेली की तिचा माथा छाटतो, आणि मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात. दोन्ही बाजूंनी सारखं छाटलं तर विषम उपस्वर वाढतात. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले, १९८१च्या बॉस एसडी-१मध्ये आहेत तसे, तर समही येतात. तंबोऱ्याची तारही घोडीवर एकाच बाजूने टेकते.

म्हणून पेडल उघडलंत तर आधी धाग्याची जागा शोधा. १९७९च्या ट्यूब स्क्रीमरमध्ये ती सापडते ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरशेजारच्या ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. त्यावर ४७३ छापलेलं असतं. ही जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी कमी वाढू देते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे तिचा मूळ सूर जवळजवळ न छाटता जातो आणि मधला भाग नाकात बोलतो. ट्यूब स्क्रीमर रचणाऱ्या सुसुमु तामुरा यांनी हे विचार करूनच केलं असणार, कारण खर्ज छाटला की दोन तारांचा चिखल होतो. त्या जागी १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड लावला की सीमा ३४० हर्ट्झपर्यंत उतरते आणि आवाज छाती भरून येतो. २२४ लावाल तर ती १५०वर येते आणि चिखल हमखास. चिप बदलून एवढा फरक पडत नाही. जुन्या ‘रॅट’ पेडलमधली एलएम ३०८ हा अपवाद. ती मुळातच मंद आहे आणि तो मंदपणा ऐकू येतो.

जर्मेनियमच्या भक्तांना तर मी मे महिन्यात डहाणूजवळच्या वाढवणला बोलावतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती उष्णतेने वाढत जाते, त्यामुळे सकाळी जुळवलेला फझ दुपारी भलतंच बोलतो. वर समुद्राचा वारा. उघडं तांबं इथे बघता बघता हिरवं पडतं, तेव्हा सोल्डरिंग झाल्यावर पीसीबीवर वार्निशचा हात द्याच. सामान आणायला डहाणू लोकलने मुंबई गाठायची आणि लॅमिंग्टन रोडला जायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण तो पत्ता सांगून कुणी पार्ट आणत नाही. चिपसाठी आयसी बेस घ्या आणि कपॅसिटरच्या जागी फीमेल बर्ग स्ट्रिपचा दोन भोकांचा तुकडा बसवा. मग सोल्डरगन न तापवता हवा तो कपॅसिटर खोचून ऐकता येतो.

वाढवण म्हटलं की हल्ली फक्त ७६,२२० कोटींचं बंदर ऐकू येतं. त्याच्या मागच्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भातकापणीनंतर तारपा घुमतो. सुकवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. कोणताही डायोड नसताना त्याचा आवाज गच्च आणि खरखरीत असतो, आणि श्वास न तोडता वाजवल्यामुळे तो रात्रभर तसाच भरलेला राहतो. वारली चित्रातलं नाचाचं वेटोळं सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या मधोमध उभा असलेला आवाज रामन यांनी तंबोरा तपासला तसा तपासायला हवा: कोणते उपस्वर, किती जोराने, दोन नळ्यांत फरक किती. एक बरा माइक, एक लॅपटॉप आणि चिकाटी एवढंच त्याला लागतं. पालघर जिल्ह्यातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम घ्यावं. मोजणी पाड्यावर जाऊन करावी आणि वाजवणाऱ्याला रीतसर मानधन द्यावं.