भजनाचं रेकॉर्डिंग, चार ट्रॅकवर
हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीतही पदं रचली. बीदर-कलबुर्गीकडच्या एखाद्या भजनी मंडळाला असं पद घरच्या संगणकावर नीट रेकॉर्ड करायचं असेल, तर ऑडासिटी किंवा रीपरसारखं सॉफ्टवेअर लागतं. ऑडासिटी फुकट आहे. चार माइकचं काम मला रीपरमध्ये सुटसुटीत वाटतं.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ गायकावर चढला, की मागाहून तो उतरवणं फार अवघड. म्हणून गायक, पेटी, पखवाज आणि टाळ यांना वेगवेगळे माइक लावायचे. ते ऑडिओ इंटरफेस नावाच्या डबीला जोडले जातात. ही डबी आवाजाची पातळी सेकंदाला ४८,००० वेळा मोजून आकड्यांत लिहिते. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून वेगाने करावी लागते. पडद्यावर प्रत्येक माइकची एक आडवी पट्टी दिसते, तोच ट्रॅक. प्रत्येक मोजणी २४ बिटमध्ये लिहिली, तर चार ट्रॅक मिळून मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा खातात.

पातळीचं टोक शून्य डेसिबल. त्यापलीकडे लिहायला आकडाच नसतो, मग लाट वरून सपाट कापली जाते आणि आवाज फाटतो. भजनाची सुरुवात ऐकून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवलात तर फसाल. शेवटच्या दुगुनीत टाळकरी रंगात येतात; त्या भरातही पातळी उणे १२ च्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. आवाज कमी वाटला तरी २४ बिटमध्ये तो नंतर खुशाल वाढवता येतो. पंख्याची घरघरही सोबत वाढते, तेव्हा पंखा बंद.

खरी कटकट टाळाची. तो सगळ्याच माइकमध्ये शिरतो. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं बरंचसं टाळतो. टाळकऱ्यांना गायकाच्या समोर, थोडं लांब बसवलं, की माइकची पाठ आपोआप त्यांच्याकडे होते आणि नजरानजरही राहते.

सॉफ्टवेअर उघडताच बहुधा मिनिटाला १२० ठोक्यांची आखणी समोर येते. भजनाची लय चढत जाते, ती या चौकटीत बसणार नाही. मेट्रोनोम बंद करा, कापलेला तुकडा चौकटीच्या रेघेला चिकटवणारं स्नॅपही बंद करा.

कापाकापीला भिऊ नका. रीपरमध्ये तुकडा कापला तरी डिस्कवरची मूळ फाइल तशीच राहते; कुठून कुठपर्यंत वाजवायचं, एवढीच नोंद बदलते. पण गायकाचा शब्द चुकला म्हणून फक्त त्याचा ट्रॅक बदलून भागत नाही, कारण जुना शब्द टाळाच्या माइकमध्ये पुसटसा उरलेला असतो. चारही ट्रॅक एका गटात बांधा, समेवर कापा आणि दुसऱ्या वेळच्या गाण्यातलं तेवढं कडवं आणून बसवा. लय जुळत नसेल तर पद पुन्हा गायलेलं बरं.