सांध्यातली सूज, रक्तातले निरोप

"सकाळी भाकरी थापायला बोटं वळत नाहीत डॉक्टर, दहा वाजले की जरा मोकळी होतात," ओपीडीत एक बाई सांगत होत्या. त्यांच्या जुन्या कागदांवर दीड वर्ष एकच इलाज होता, लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन मात्र नऊच्या वर सरकत नव्हते. बोटांचे दुखणे आणि रक्त कमी असणे यांचा संबंध कोणी लावलाच नव्हता.

संबंध आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते. तिथल्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. हे निरोप सांध्यात थांबत नाहीत, रक्तात उतरतात. त्यातले इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी बनवते. तेच आपण तपासणीत मोजतो. त्याचबरोबर ते हेप्सिडिनही बनवते. हेप्सिडिन आतड्यातून लोह नीट शोषू देत नाही आणि साठ्यातलेही बाहेर सोडत नाही. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप! मग वरून गोळ्या देऊन किती उपयोग होणार? (काहींना लोहाची खरी कमतरताही असते, ती वेगळी तपासावी लागते.) पहाटे या इंटरल्युकिनची पातळी चढते, सकाळच्या ताठरपणामागे तेही एक कारण.

असे सायटोकाइन अनेक. एकट्याला अडवून काय साधणार, अशी शंका तज्ज्ञांनाही होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये वीस रुग्णांना फक्त टीएनएफ हा एक निरोप अडवणारे औषध दिले. सूज तर उतरलीच, थकवाही ओसरला.

पण हाच टीएनएफ शरीरात निपचित पडलेल्या क्षयरोगाला दाबून ठेवतो. म्हणून आपल्याकडे हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी टाळून चालतच नाही.

"सायटोकाइनची टेस्ट करू का?" असे हल्ली रुग्ण विचारतात. उपचार ठरवायला सहसा तिची गरज नसते. सांधे दाबून पाहणे आणि सीआरपी यावर बहुतेक काम भागते. सुरुवातही बहुधा मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीने होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून चिठ्ठीवर मी वार लिहून देतो.

त्या बाईंचा वार रविवार. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झाले होते, लोहाच्या गोळ्या बंद असताना.