वीस सेकंदांसाठी सहा वर्षे

मुखेड-नरसी रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की सराव सुरू होतो आणि महिनाभरात मिनिटभर वेळ कमी करण्याची घाई होते. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी खाऊन मुले पुन्हा रस्त्यावर उतरतात. अशा प्रत्येकाने मराठवाड्याच्याच अविनाश साबळेचा हिशेब पाहावा.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. शेतकरी कुटुंबातला अविनाश बारावीनंतर लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि स्पर्धांत धावू लागला तो तिथेच. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पण १९९८ पासून या शर्यतीतली सगळी पदके नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी त्याच्या रौप्यपदकाने मोडली. २०२३ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याची वेळ होती ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. म्हणजे सुमारे २० सेकंद कमी करायला त्याला जवळजवळ सहा वर्षे लागली.

याचे कारण शरीरात आहे. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात आणि प्राणवायूचा वापर सुधारतो. हा बदल काही आठवड्यांत जाणवतो. हाडे आणि अस्थिबंध मात्र सावकाश, महिनोन्‌महिने घेत बळकट होतात. दम वाढला म्हणून पायही तयार झाले, असे होत नाही. या तफावतीतच नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो.

तयार शरीरालाही धोका असतोच. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्यावरच्या उडीत साबळे पडला. गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध आणि सांध्यातली गादी फाटली. शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानात उतरायला साधारण नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो. तिथे घाई केली, तर तोच अस्थिबंध पुन्हा फाटू शकतो.

म्हणून सराव जाहिरातीची वाट न पाहता काही महिने आधी सुरू करावा. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. वेगाचा सराव आठवड्यातून एक-दोनदाच करावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. डांबरी रस्त्यापेक्षा सपाट मातीचे मैदान बरे. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून तपासणी करून घ्यावी. गोळीने दुखणे दबते, तडा सांधत नाही. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी.

भरती हुकली तर पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करता येतो. मोडलेले हाड घेऊन मात्र तीही संधी हातची जाते.