पावसाळी ओल, उघडी खिडकी आणि घरातले मांजर

मृग नक्षत्र लागले की गोव्यातील घराघरांत एक ओळखीचा कुबट वास शिरतो. कपाटातल्या कपड्यांना ओल चढते, चपलांवर पांढरी बुरी धरते आणि उत्तरेकडच्या भिंतीवर काळसर ठिपके उमटू लागतात. राज्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा दिवसांत 'खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या' हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो योग्यही आहे. मात्र ज्या घरात मांजर पाळलेले आहे आणि ते घर इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहे, तिथे हाच सल्ला पेच निर्माण करतो. दम्याचा त्रास असलेल्या आजीसाठी खिडकी उघडावी, तर मांजर कठड्यावर उडी घेते. मांजरासाठी ती बंद ठेवावी, तर भिंती काळवंडतात आणि आजीचा श्वास कोंडतो. हा पेच थोड्या विचाराने आणि फारशा खर्चाविना सोडवता येतो.

जुनी घरे आणि नवे फ्लॅट

गोव्यातील जुनी घरे चिऱ्याची, उंच छताची आणि मंगळुरी कौलांची. कौलांच्या सांध्यांतून उबदार, दमट हवा वर निघून जाई आणि दारा-खिडक्यांतून नवी हवा आत येई. घराचे छप्परच श्वास घेत असे. त्या घरातले मांजर ओसरीवरून अंगणात, अंगणातून माळ्यावर मुक्तपणे फिरे. पडले तरी हात-दोन हात उंचीवरून.

आजच्या फ्लॅटमध्ये काँक्रीटचा स्लॅब, गुळगुळीत रंगवलेल्या भिंती आणि सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या असतात. खिडकी बंद केली की हवा अक्षरशः अडकते. स्वयंपाक, आंघोळ, ओले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून दिवसभर बाष्प तयार होत राहते. एका वेळचे धुणे घरात वाळत घातले, तर त्यातूनच दीड-दोन लिटर पाणी हवेत मिसळते. ते बाहेर पडले नाही, तर सर्वांत थंड भिंतीवर किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात साचते आणि तिथे बुरशी धरते.

खिडकी केव्हा उघडावी?

खिडकी उघडल्याने घर बाहेरच्या हवेपेक्षा कोरडे होत नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. मुसळधार पावसात बाहेरच्या हवेत बाष्प जवळजवळ काठोकाठ भरलेले असते. अशा वेळी दिवसभर सर्व खिडक्या सताड उघड्या ठेवल्यास झड आत येते आणि लाभ थोडाच होतो. उघडीप मिळाली, थोडे ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या १५ ते २० मिनिटे उघडाव्यात. एकीकडून हवा आत आणि दुसरीकडून बाहेर, असा झोत तयार झाला की काम लवकर होते. स्वयंपाक आणि आंघोळीनंतर मात्र पाऊस असला तरी ती वाफ तिथल्या तिथे बाहेर काढणे आवश्यक असते.

मांजर पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ही दिलासा देणारी बाब आहे. खिडकी चोवीस तास उघडी ठेवण्याची गरज नाही. ठरावीक वेळ उघडायची, तेवढा वेळ मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि खिडकी लावल्यावर ते दार उघडायचे, एवढी शिस्त पाळली तरी अर्धा प्रश्न मिटतो. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बुरशीला आळा बसतो. ऐन पावसाळ्यात केवळ खिडक्यांच्या भरवशावर ते साधत नाही. त्या दिवसांत पंखा, वातानुकूलन यंत्राचा 'ड्राय मोड' किंवा बाष्प शोषणारे यंत्र यांची जोड द्यावी लागते.

मांजर पडत नाही, हा भ्रम

'मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर उतरते' हा समज अर्धसत्य आहे. हवेत अंग वळवण्याची कला त्याच्यापाशी असते, हे खरे. परंतु चार पायांवर उतरले तरी आघात चुकत नाही. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात उंच इमारतींवरून पडून उपचारांसाठी आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ९० टक्के मांजरे वाचली. मात्र बहुसंख्य मांजरांच्या छातीला इजा झाली होती आणि अनेकांचा जबडा किंवा पाय मोडला होता. जागीच दगावलेली मांजरे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, हेही या आकड्याकडे पाहताना विसरून चालणार नाही.

मांजर सहसा तोल जाऊन पडत नाही. ते लक्ष्याच्या नादात पडते. कठड्यावर बसलेले कबूतर किंवा दिव्याभोवती फिरणारा पतंग दिसला की त्याला उंचीचे भान राहत नाही. पावसाळ्यात ओला, शेवाळलेला सज्जा या धोक्यात भर घालतो.

जाळी कशी असावी?

खिडकीचे गज म्हणजे संरक्षण, असे मानणे चुकीचे आहे. मांजराचे डोके ज्या फटीतून जाते, त्यातून त्याचे अंगही जाते. गजांमधील चार इंचांचे अंतर मोठ्या मांजरालाही पुरेसे असते. पिलू तर दोन इंचांतून निसटते. डासांसाठी लावलेली मऊ जाळी नखांनी सहज फाटते आणि चिकटपट्टीवर बसवलेली जाळी मांजराच्या भाराने निघून येते.

गंज न धरणाऱ्या पोलादी तारेची, एक इंचाहून लहान छिद्रांची जाळी लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीत घट्ट ठोकून ती स्क्रूने बसवावी. भाड्याच्या घरात किंवा सोसायटीची परवानगी नसेल तेथे ही चौकट खिडकीच्या आतल्या बाजूने कड्यांनी अडकवता येते. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी बाल्कनीला चालते. मात्र मांजर ती कुरतडते, म्हणून दर आठवड्याला ओढून तपासावी. सरकती खिडकी मांजर पंजाने ढकलून उघडते. ती दोन बोटांपुरतीच सरकेल असा अडसर रुळात बसवावा.

न्हाणीघराची खिडकी बंद करू नये

मांजर बाहेर जाईल या भीतीने न्हाणीघरातील काचेच्या पट्ट्यांची खिडकी पुठ्ठा लावून बुजवली जाते. त्या न्हाणीघरात गॅसवर चालणारा गिझर असेल तर हा उपाय जिवावर बेतू शकतो. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि आंघोळ करणारी व्यक्ती काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध पडते. अशा खिडकीला बाहेरून पोलादी जाळी लावावी, हवेचा मार्ग मुळीच अडवू नये. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवणे सर्वांत उत्तम. एक्झॉस्ट पंख्याला आतून जाळीचे आवरण असावे आणि आंघोळीनंतर तो आणखी १५ मिनिटे चालू ठेवावा. दाराखाली थोडी फट असली, तरच त्या पंख्याला बाहेर फेकण्यासाठी हवा मिळते.

ओल घालवताना विष नको

ओल आणि वास घालवण्याचे काही घरगुती उपाय माणसांना सोसतात, मांजरांना नाही. काही रसायने निष्प्रभ करण्याची जी क्षमता माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार कमी असते. त्यामुळे डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरी किंवा टी ट्री यांसारखी सुगंधी तेले आणि फिनेल त्याला बाधतात. फिनेलने पुसलेल्या लादीवरून मांजर चालते, नंतर पंजे चाटते आणि ते द्रव्य पोटात जाते. कपाटात डांबराच्या गोळ्यांऐवजी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, त्याही मांजराच्या तोंडी लागणार नाहीत अशा. बाष्प शोषणाऱ्या डब्यांत साचणारे पाणी दाहक असते. तो डबा बंद कपाटातच असावा.

भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. ब्लीच वापरायचेच असेल तर मांजराच्या मलमूत्राच्या पेटीपासून दूर वापरावे. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग झाला की श्वसनाला घातक वायू तयार होतो. अॅसिडयुक्त लादी-क्लीनरमध्येही ते कधी मिसळू नये. ती पेटी रोज साफ करावी आणि कोरडे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण दमट हवेत त्यालाही बुरशी लागते.

एवढे करूनही मांजर पडलेच, तर ते चालत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. छातीतील इजा वरून दिसत नाही. त्याला टॉवेलमध्ये हलकेच उचलून खोक्यात ठेवावे आणि तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. वेदना थांबवण्यासाठी माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. ती मांजरासाठी प्राणघातक ठरते.

भिंतीची ओल वारंवार एकाच जागी उमटत असेल, तर दोष हवेचा नसून गळक्या गच्चीचा किंवा फुटलेल्या नळाचा असतो. तो पावसाळ्यानंतर मुळापासून दुरुस्त करावा लागतो. जाळी मात्र आजच लावता येते. एकदा ती बसली की उघडीप मिळताच आजीच्या खोलीची खिडकी निश्चिंतपणे उघडता येईल आणि मांजरही त्याच खिडकीत बसून पागोळ्या पाहत राहील.