तेरापैकी तेरा, आणि मग?

२०२३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये टँपा बे रेज या संघाने मोसमातले पहिले १३ सामने ओळीने जिंकले. रेज हा हात आखडून खर्च करणारा संघ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे कौतुक जरा जास्तच झालं. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये अशी सुरुवात त्याआधी दोघांनाच जमली होती, १९८२मध्ये अटलांटा ब्रेव्हजला आणि १९८७मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सला. बेसबॉलचा मोसम १६२ सामन्यांचा. म्हणजे अजून १४९ सामने बाकी होते आणि जो तो एकच विचारत होता, हे टिकणार का?

आपल्याकडे बेसबॉल कोण बघतं, असं म्हणून पान उलटू नका. हाच प्रश्न दर उन्हाळ्यात नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत आयपीएलची गुणतालिका समोर ठेवून चघळला जातो. २०१८ साली पंजाबच्या संघाने पहिल्या ६पैकी ५ सामने जिंकले. गेलचं शतक झालं होतं, राहुलने १४ चेंडूंत अर्धशतक ठोकलं होतं. उरलेल्या ८ सामन्यांत या संघाला एकच विजय मिळाला आणि तो सातव्या क्रमांकावर घसरला. मग कारणांचा पाऊस पडला. मधली फळी कच्ची, गोलंदाजी थकलेली, डावपेच फसलेले. ही कारणं खोटी असतील असं नाही, पण त्यांच्याकडे वळण्याआधी एक हिशेब करून बघावा.

समजा, त्या वर्षीचे आठही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे होते आणि प्रत्येक सामना म्हणजे निव्वळ छापा-काटा होता. एखाद्या ठरावीक संघाला ६पैकी ५ किंवा ६ विजय मिळण्याची शक्यता ६४त ७, म्हणजे ११ टक्के. कमी वाटते. पण संघ आठ आहेत. त्यांतल्या निदान एकाची सुरुवात अशी दणक्यात होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. कुणीही कुणापेक्षा सरस नसताना आपल्याला ‘यंदाचा चमत्कार’ बहुतेक वेळा सापडणारच. आणि आपण नेमकं त्याच संघाकडे बोट दाखवून विचारतो की हे टिकेल का. निवडतानाच आपण नशीबवान संघ निवडलेला असतो; पुढच्या सामन्यांत तेवढं नशीब पुन्हा वाट्याला येण्याचं कारण नसतं.

किती झाल्यावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. मृगात दोन सरी जोरात पडल्या म्हणून पेरणी उरकणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. तिथे मुद्दा जमिनीतल्या ओलीचा आहे, संख्याशास्त्राचा नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण खेळातही असा एक उंबरठा काढता येतो.

बेसबॉलच्या अभ्यासकांनी तो काढला आहे. त्या खेळात संघांच्या खऱ्या ताकदीत फारसा फरक नसतो. बहुतेक संघ सामने जिंकण्याच्या बाबतीत ४४ ते ५६ टक्क्यांच्या पट्ट्यात येतात. नुसत्या छापा-काट्यानेही जवळपास ७० सामन्यांपर्यंत एवढाच फरक दिसत राहतो. तेव्हा रीत अशी: संघाच्या निकालात मनाने ७० सामने मिळवायचे, ३५ जिंकलेले आणि ३५ हरलेले. १३ विजय आणि शून्य पराभव यांचे मग ८३पैकी ४८ विजय होतात, म्हणजे सुमारे ५८ टक्के. शंभर टक्क्यांवरून थेट ५८वर! बास्केटबॉलमध्ये बलवान संघ सहसा हरत नाही, म्हणून तिथे असे पंधरा-एक सामने मिळवले तरी भागतं. खेळात नशिबाचा वाटा जितका मोठा, तितकं थांबणं जास्त. नांदेडला गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. अशा थोड्या दिवसांत आटोपणाऱ्या स्पर्धेत चषक जिंकणं मोठंच, पण सर्वांत बलवान संघ कोणता, हे तेवढ्या सामन्यांवरून कळेलच असं नाही.

रेजचं काय झालं? उरलेल्या १४९ सामन्यांत त्यांनी ८६ जिंकले, जवळपास ५८ टक्के. एकूण विजय ९९. सूत्राने नेमका हाच आकडा दिला असता. पण एवढ्यावर सूत्राला डोक्यावर घेऊ नका, कारण इतकं काटेकोर जुळणं हाही योगायोगच. १३-०ने सुरुवात करणाऱ्या ब्रुअर्सनी पुढे ७८ जिंकले आणि ७१ हरले. त्यांनी मे महिन्यात ओळीने १२ सामने घालवले होते.

या रीतीत एक खाच आहे, आणि मला सगळ्यात रस आहे तो तिच्यातच. खेच सरासरीकडे असते हे खरं, पण कुणाच्या सरासरीकडे? २०२३मध्येच पिट्सबर्ग पायरेट्सने २८पैकी २० सामने जिंकून सगळ्यांना चकित केलं होतं. ७० सामन्यांचं सूत्र त्यांना मोसमाअखेर ९५ विजय देतं. प्रत्यक्षात मिळाले ७६. हा संघ आदल्या वर्षी १०० सामने हरला होता. त्याला लीगच्या मधल्या संघाइतका धरणं हीच उदारता होती. रेज आदल्या वर्षी ८६ सामने जिंकलेले, म्हणून त्यांचं गणित बसलं. प्रत्येक संघ स्वतःच्या पातळीकडे परततो आणि ती पातळी चार आठवड्यांच्या गुणतालिकेपेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबात जास्त नीट दिसते. अर्थात खेळाडू तेच असतील तर. लिलावात निम्मा संघ बदलणाऱ्या आयपीएलमध्ये हा आधारही डळमळतो.

शिवाय विजय कसे आले हेही पाहावं लागतं. एका धावेने जिंकलेला सामना आणि दहा गडी राखून जिंकलेला सामना गुणतालिकेत सारखेच दोन गुण देतात, पण पुढचा अंदाज बांधताना त्यांचं वजन सारखं नसतं. रेजचे पहिले नऊच्या नऊ विजय चार किंवा अधिक धावांच्या फरकाचे होते आणि बेसबॉलमध्ये हा फरक भरपूर मानला जातो. मात्र त्या नऊंपैकी तीन सामने ओकलंडच्या संघाविरुद्ध होते, आणि त्या संघाने त्या मोसमात ११२ पराभव पत्करले. क्रिकेटमध्ये निव्वळ धावगतीचा रकाना आपण शेवटच्या आठवड्यात पात्रतेचं त्रांगडं सोडवायला उघडतो. तो खरं म्हणजे पहिल्या आठवड्यापासून वाचायला हवा.

या सगळ्यामागचं गणित १९५६ साली स्टॅनफर्डच्या चार्ल्स स्टाइन यांनी मांडलं, तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनाही ते पचायला जड गेलं होतं. तीन किंवा अधिक गोष्टींचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येकाची सुटी सरासरी घेण्यापेक्षा सगळ्यांना थोडं एकमेकांकडे सरकवलं तर एकूण चूक कमी होते. पुढे ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी हे बेसबॉलच्या १९७०च्या मोसमातल्या १८ बॅटरांवर तपासलं. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी घेऊन उरलेल्या मोसमाचा अंदाज बांधला. सरकवलेले अंदाज कच्च्या आकड्यांपेक्षा कितीतरी जवळचे निघाले. मात्र काहींच्या बाबतीत रीत तोकडी पडली. रॉबर्टो क्लेमेंटेची सुरुवात ४५पैकी १८ यशस्वी फटक्यांची, ४० टक्क्यांची होती. सूत्राने त्याला २९च्या आसपास आणून ठेवलं आणि त्याने उरलेल्या मोसमात ३४.६ टक्के काढले. तो खरोखरच थोर खेळाडू होता आणि सूत्राला ते ठाऊक नव्हतं. १९७२च्या अखेरीस निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या मराठवाड्यात हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आपल्या बाजूचं उदाहरण जालन्याच्या विजय झोलचं. १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा, मग २०१३मध्ये त्रिपुराविरुद्ध रणजी पदार्पणातच द्विशतक. एवढ्या आकड्यांवर आपण मराठवाड्याला थेट कसोटी संघात बसवून टाकलं होतं. वरिष्ठ भारतीय संघाचं दार काही उघडलं नाही. यात त्याचं काही चुकलं असं मानायचं कारण नाही. दोन-चार डावांवरून कारकिर्दीचा आलेख काढणारे आपण होतो.

आणि त्याच मोसमात सुरुवात टिकल्याचा दाखलाही आहे. २०१३-१४ला महाराष्ट्र रणजीच्या ‘क’ गटात होता. केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा काढल्या. उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडेवर मुंबईविरुद्ध २५२चं लक्ष्य महाराष्ट्राने दोनच गडी गमावून गाठलं, जाधव नाबाद १२० आणि झोल नाबाद ९१. उपांत्य फेरीत बंगालला हरवून संघ १९९२-९३नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोचला आणि तिथे कर्नाटककडून हरला. पुढच्या मोसमातही महाराष्ट्र उपांत्य फेरीपर्यंत गेला. दुबळ्या गटात सुरुवात झाली म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण धावा भरपूर होत होत्या आणि एकाच फलंदाजावर सगळा भार नव्हता.

आता एक गैरसमज, जो शिकल्यासवरल्यांमध्येही पक्का बसलेला असतो. सरासरीकडे परतणं म्हणजे आधीच्या नशिबाची परतफेड करावी लागणं, अशी समजूत. १३ जिंकले, आता १३ हरतील तेव्हा हिशेब चुकता होईल. नाण्याला मागचं काही आठवत नाही. पुढचे सामने संघ आपल्या मगदुराप्रमाणे खेळतो, आधी जमवलेले विजय मात्र कुणी काढून घेत नाही. उलट बाजूही तशीच. २०२४च्या आयपीएलमध्ये बंगळूरुच्या संघाने पहिल्या ८पैकी ७ सामने गमावले, मग ओळीने ६ जिंकून बाद फेरी गाठली. आधी घालवलेले गुण मात्र परत आले नाहीत. शेवटच्या सामन्यापर्यंत त्यांचा जीव टांगणीलाच होता.

१९८२च्या ब्रेव्हजचं उरलेलं वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. १३-०नंतर त्यांनी ७६ सामने जिंकले आणि ७३ हरले, म्हणजे अगदी मधल्या फळीतल्या संघासारखे खेळले. मोसमाअखेर त्यांचे विजय झाले ८९ आणि त्यांच्या गटात दुसऱ्या आलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सचे ८८.